आठ सेकंदांची जवारी

कालिंदीबाई पेठे यांच्या तंबोऱ्यांची जोडी सोमवारी सकाळी साडेदहा वाजता मिरजेत शिकलगारांच्या कारखान्यात आली. सांगलीहून बाई स्वतः आल्या होत्या. सोबत त्यांची शिष्या ऋजुता होती, पण तंबोऱ्यांच्या कापडी गवसण्या बाईंनीच उतरवल्या. शहात्तर वर्षांच्या बाईंना दोन्ही वेळा खाली वाकावं लागलं, दोन्ही वेळा त्यांनी मदत नाकारली.

"उजव्याची जवारी गेलीये," त्या नसीमाला म्हणाल्या. "डाव्याच्या फक्त तारा बदल. बाकी त्याला हात लावू नकोस. ती जवारी दस्तगीरभाईंच्या हातची आहे, एकोणीस वर्षं झाली."

"हो बाई. शुक्रवारी न्या."

"मंगळवारी सभा आहे माझी. दीड तास गायचंय." बाई खुर्चीवर टेकल्या. "आता अशा किती सभा उरल्या आहेत कोण जाणे. म्हणून तंबोरे तरी चांगले हवेत."

नसीमा शिकलगार तेव्हा एकेचाळीस वर्षांची होती. वडील दस्तगीर यांच्या हाताला कंप सुटल्यापासून जवारीचं काम तिच्याकडे होतं. धाकटा भाऊ तौफिक ऑर्डरी आणि गिऱ्हाइकं सांभाळायचा. कारखान्यात तीन वर्षांपूर्वी मशीन आलं होतं.

जवारी म्हणजे काय, ते सांगायला हवं. तंबोऱ्याच्या भोपळ्यावर हाडाची एक रुंद पट्टी बसवलेली असते, तिला घोडी म्हणतात. तारा तिच्यावरून जातात. घोडीचा माथा सपाट दिसतो, पण तो सपाट नसतो. त्याला केसाच्या जाडीहून कमी असा उतार असतो. छेडलेली तार या उतारावर क्षणोक्षणी टेकते आणि सुटते. त्यामुळे तिची लांबी सतत किंचित बदलत राहते आणि एका स्वरातून वरचे स्वर एकामागून एक झिरपत येतात. तंबोरा जो गुंजतो, तो यामुळे. उतार थोडा कमीजास्त झाला की गुंजन उजळ होतं किंवा मवाळ होतं. उजळ जवारीला कारागीर उघडी म्हणतात, मवाळ जवारीला बंद. कानशीने घासलेलं हाड परत भरून येत नाही, म्हणून दस्तगीर दोन हात मारून अर्धा तास ऐकत बसायचे.

मशीनने हे ऐकणं घासण्याच्या आधी आणून ठेवलं. लेझर घोडीचा माथा मोजायचा. मग संगणक वेगवेगळे उतार कल्पून, प्रत्येक उतारावर हाच तंबोरा कसा वाजेल ते ऐकवायचा. पडद्यावर तीन मसुदे यायचे, अ, ब आणि क. चौथं बटण होतं, 'यापैकी नाही'. माणसाने निवडायचं, मग हिऱ्याची बारीक कानस अकरा मिनिटांत हाड घासून द्यायची. चूक अशी व्हायचीच नाही. मसुद्यात जे ऐकलं तेच तंबोऱ्यातून यायचं.

कुठले तीन मसुदे दाखवायचे, हे मशीन लोकांकडून शिकलं होतं. मशीनच्या कंपनीने चार वर्षांत अडीच लाख लोकांना फोनवर तंबोऱ्यांचे आवाज ऐकवले होते. दोन आवाज, प्रत्येकी आठ सेकंद. कुठला आवडला? त्या उत्तरांवर मशीन घडलं होतं. पुढे कारागिरांची निवडही त्यात मिसळत गेली.

पहिल्या वर्षी नसीमा दहातल्या चार वेळा 'यापैकी नाही' दाबायची. मशीन नवे तीन मसुदे आणायचं, ती पुन्हा दाबायची. तौफिक कंटाळून म्हणायचा, "आपा, लग्नाला मुलगा बघतीस का?" दुसऱ्या वर्षी हे महिन्यातून एकदा झालं. तिसऱ्या वर्षी एकदाही नाही. वर्षअखेरीस कंपनीचं अभिनंदनाचं पत्र आलं. शंभरातल्या नव्व्याण्णव वेळा तुमची निवड आमच्या पहिल्या मसुद्याशी जुळते, देशातल्या सगळ्या कारागिरांत तुमचा कान सर्वोत्तम आहे, असं त्यात होतं. नसीमाने ते पत्र चौकटीत लावून भिंतीवर टांगलं. मशीन आपल्यासारखं झालंय, असा तिने त्याचा अर्थ घेतला होता.

बाईंच्या तंबोऱ्याची पाळी गुरुवारी दुपारी चारनंतर आली. त्या दिवशी त्याच्या आधी आठ वाद्यं झाली होती, मागे तीन उभी होती. नसीमाने उजवा तंबोरा चढवला, तीन मसुदे ऐकले आणि अ निवडला. मशीनने तो घासला. मग पडद्यावर सूचना आली: जोडीतल्या दुसऱ्या वाद्याचा आवाज या वाद्याशी जुळत नाही. जुळवू का?

बाईंनी हात लावू नकोस म्हटलेलं तिला आठवत होतं. पण दोन तंबोऱ्यांत एक उजळ आणि एक मवाळ, हे कानाला सरळ सरळ वाईट वाटत होतं. असं काम कारखान्यातून बाहेर कसं पाठवायचं? जुळलेली जोडी ऐकली की बाई खूशच होतील, असं तिला वाटलं. तिने 'हो' दाबलं.

शुक्रवारी बाई आल्या. दोन्ही तंबोरे मिनिटभर छेडून त्यांनी डोळे मिटले.

"काय गोड वाजतायत गं!" मग डाव्याकडे बघत म्हणाल्या, "हासुद्धा उजळलाय. नव्या तारांमुळे, नाही का?"

नव्या तारा उजळ वाजतात, हे खरंच आहे. आठवड्याभरात त्या बसतात.

"हो बाई," नसीमा म्हणाली. "नव्या तारा."

सगळं सांगायला पाच मिनिटं लागली असती. बाहेर कोल्हापूरचं गिऱ्हाईक थांबलं होतं.

मंगळवारची सभा सांगलीतल्या एका शाळेच्या सभागृहात भरते. नसीमा तिसऱ्या रांगेत बसली होती. पडदा सरकला, ऋजुताने आणि आणखी एका मुलीने तंबोरे छेडले, आणि बाईंनी तोंड उघडण्याआधीच सभागृहातून "वा!" आली. गाणारीच्या आधी तंबोऱ्याला दाद मिळालेली नसीमाने कधी ऐकली नव्हती. तिला अभिमान वाटला. शेजारच्या बाईंना तिने सांगूनही टाकलं, "आमच्याकडचे आहेत."

मग बाई गायला लागल्या आणि दिसेनाशा झाल्या.

दुसरा शब्द नाही. बाई समोर बसलेल्या दिसत होत्या, ओठ हलत होते, हात उठत होता. पण त्यांचा आवाज आता पातळ झालेला, खालच्या सप्तकात रमणारा. तो तंबोऱ्यांच्या झगमगाटात कुठेतरी मागे राहिला होता. बाईंनी डाव्या हाताने खूण केली, हळू. मुलींनी बोटं हलकी केली. थोड्या वेळाने पुन्हा खूण, आणखी हळू. विसाव्या मिनिटाला त्यांनी एक तंबोरा खाली ठेवायला लावला. आवाज चढवून बघितला, तर तो फाटला. पस्तिसाव्या मिनिटाला बाई थांबल्या.

"पुढच्या सभेला ऋजुता गाईल," त्या माइकवर म्हणाल्या. "माझं झालं. इतकी वर्षं ऐकलंत, उपकार आहेत."

टाळ्या खूप वेळ वाजल्या. मागच्या रांगेत कुणीतरी म्हणालं, "आवाज गेला हो बाईंचा. थांबल्या ते बरं केलं." दुसऱ्याने उत्तर दिलं, "तंबोरे मात्र काय लागले होते!"

दोन दिवसांनी ऋजुता गवसण्यांची मापं द्यायला कारखान्यात आली.

"बाईंनी तंबोरे मला दिले," ती म्हणाली. "मी घेत नव्हते. तर म्हणाल्या, ठेवून काय करू, लोणचं घालू? सकाळचा रियाज पण बंद केलाय, ताई. चाळीस वर्षांत पहिल्यांदा. गप्प बसून असतात."

"वय झालं," नसीमा म्हणाली.

"पण पंधरा दिवसांपूर्वीपर्यंत काही नव्हतं. हे ऐका ना." ऋजुताने फोनवर रियाजाचं रेकॉर्डिंग लावलं. राग तोच, चीज तीच. आवाजही तोच होता, तितकाच पातळ, वर जाताना तसाच थरथरणारा. पण त्याच्याखाली जुना डावा तंबोरा होता. तो मुद्दाम ऐकायला गेलं तरच ऐकू येत होता. त्याने मधली जागा मोकळी सोडली होती आणि बाई त्या जागेत निवांत बसून गात होत्या.

नसीमाने अकरा मिनिटांचं रेकॉर्डिंग पूर्ण ऐकलं. अकरा मिनिटं सलग एक तंबोरा तिने शेवटचा कधी ऐकला होता, हे तिला आठवेना.

ऋजुता गेल्यावर तिने मशीनमधली नोंद उघडली. उजवा तंबोरा: चार वाजून बारा मिनिटं, मसुदा अ आठ सेकंद, ब आठ सेकंद, क तीन सेकंद. डावा तंबोरा: एकही मसुदा ऐकलेला नाही. 'हो' दाबलेलं आहे. अब्बांची एकोणीस वर्षांची घोडी तिने न ऐकता घासून टाकली होती.

तिने उजव्याचा क पूर्ण ऐकला. मग पुन्हा तिन्ही ऐकले. आठ-आठ सेकंदांत अ खरोखरच सुंदर होता. आता सगळं माहीत असूनही तिचा कान त्याच्याकडेच जात होता. बासुंदीच्या दोन वाट्यांतला एकेक चमचा चाखायला दिला तर जास्त गोडच जिंकते. अख्खी वाटी संपवायची वेळ आली की कळतं. अडीच लाख लोकांनी एकेक चमचा चाखला होता. ज्याच्या सोबत कुणी गाणार आहे, असा तंबोरा त्यांना कुणी ऐकवलाच नव्हता. आणि तीन वर्षं दिवसाला बारा-बारा वेळा हाच चमचा चाखून तिची जीभही तशीच झाली होती. मशीन तिच्यासारखं झालं नव्हतं. पत्रात नव्व्याण्णव टक्के होते, पण कोण कुणाच्या जवळ सरकलं ते लिहिलेलं नव्हतं.

तिने ती चौकट काढून कपाटाच्या मागे, तोंड भिंतीकडे करून ठेवली. मग नऊ दिवस ती याबद्दल कुणाशी काही बोलली नाही.

दहाव्या दिवशी तौफिकला सांगितलं.

"तू बाईंकडं जाऊन काय बोलणार?" त्याने विचारलं. "तुमचा तंबोरा बिघडवला? बिघडला कुठं हाय? अख्खी सांगली नावाजतीय. त्या सभेनंतर सात फोन आलेत मला."

"त्या गायच्या थांबल्यात, तौफिक."

"शहात्तर वय हाय त्यांचं. आज ना उद्या थांबणारच की."

"आज थांबल्या त्या माझ्यामुळं."

"आणि हे गावभर झालं तर? शिकलगारांची पोरगी जवारी न ऐकता करती, असं म्हणतील. अब्बांचं नाव हाय त्या पाटीवर, तुझं न्हाई, माझं न्हाई."

"म्हणूनच तर," नसीमा म्हणाली. पण ती त्या दिवशी गेली नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी गेली.

कालिंदीबाई शेंगा सोलत होत्या. नसीमाने उभ्यानेच सांगितलं. डाव्याला हात लावला. नव्या तारांचं खोटं बोलले. सभेत तुमचा आवाज नव्हता गेला, मी तो झाकला.

बाईंचे हात थांबले नाहीत. चार-पाच शेंगा सोलून झाल्यावर त्या म्हणाल्या, "बारा दिवस."

"काय?"

"बारा दिवस मी आरशासमोर तोंड उघडून घसा बघतेय. डॉक्टरकडे जाऊन आले. त्यांनी वयाप्रमाणे ठीक म्हणून सांगितलं. मी घरी येऊन रडले, कारण ठीक असून गाता येत नाही म्हणजे मग उरलंच काय?" त्यांनी वर पाहिलं. "शुक्रवारी माझ्या तोंडावर हो म्हणालीस तू."

"हो."

"ऐकलं तरी होतंस का घासायच्या आधी?"

"उजवा. आठ सेकंद."

"आणि डावा?"

"त्याला नुसतं 'हो' दाबलं."

"बस खाली," बाई म्हणाल्या. ती बसल्यावर त्यांनी टरफलं बाजूला सारली. मग म्हणाल्या, "मला एकटीला सांगून भागणार नाही. माझा आवाज गेला हे चौसष्ट माणसांनी ऐकलंय. त्यांच्यासमोर सांग. पुढच्या सभेत. आणि तुझ्या वडलांना आधी सांग, त्यांना ते सभागृहात कळता कामा नये."

दस्तगीर कारखान्याच्या मागच्या खोलीत खाटेवर असायचे. त्यांचा कंप आता चहाच्या कपालाही जुमानत नव्हता, कान मात्र शाबूत होते. नसीमाने सगळं सांगितलं. ते मशीनवर चिडतील आणि मग आपल्यालाही चार शब्द मशीनविरुद्ध बोलता येतील, अशी तिची आशा होती.

"डाव्याला हात लावाय कुणी सांगितलं?"

"कुणी नाही, अब्बा."

"मशीननं?"

"मशीननं विचारलं. हो मी म्हटलं."

"मग मशीनला कशाला बोलायचं? कानस पण मशीनच हाय. कानशीनं मी पण लई हाडं वाया घालवली. पण ऐकून घालवली, बेटा."

पुढच्या सभेला सोळा दिवस होते. ऋजुताने डावा तंबोरा आणून दिला. जुन्या घोडीचं माप मशीनमध्ये शिल्लक होतं, म्हणून नसीमाने आधी नवी पट्टी तंतोतंत त्याच मापाने घासून घेतली. एका केसाचाही फरक नव्हता. दस्तगीरांनी पंधरा मिनिटं ऐकून मान हलवली. नाही. हाड नवीन होतं, तारा नव्या होत्या, आणि ते माप एकोणीस वर्षांपूर्वीच्या बाईंसाठी घेतलेलं होतं.

मग तिने काम बदललं. लेझरने मोजणं ठेवलं, कारण तो हातापेक्षा नेमकं मोजतो. मसुदे बंद केले. ऋजुताकडचं बाईंच्या रियाजाचं रेकॉर्डिंग स्पीकरवर लावून, त्या आवाजाखाली तंबोरा छेडत ती चाळीस-चाळीस मिनिटं बसायची. मग कानशीचा एक हात, मग पुन्हा चाळीस मिनिटं. दिवसात दहा-बारा हातांच्या वर काम होत नव्हतं. पहिल्या पट्टीवर ती घाईने खोल गेली. दुसरी तिला आवडली, अब्बांना नाही. तिसरी अब्बांना बरी वाटली, पण दुसऱ्या दिवशी तिलाच ती आवडेना. अब्बा म्हणाले, "हां. हे बरं झालं." पट्टीबद्दल की आणखी कशाबद्दल, ते त्यांनी सांगितलं नाही. चौथी सभेच्या आदल्या संध्याकाळी झाली. उजव्या तंबोऱ्याला तिने हात लावला नाही, वेळच उरला नव्हता.

मंगळवारी सभागृह भरलेलं होतं. ऋजुताऐवजी आज बाईच गाणार आणि त्याआधी कारखान्याची बाई काहीतरी बोलणार, एवढंच लोकांना कळलं होतं. तौफिक दाराशी उभा होता. नसीमाने कागद आणला नव्हता. तिने कालक्रमाने सांगितलं: सोमवारी बाई काय म्हणाल्या, गुरुवारी चार वाजून बारा मिनिटांनी तिने काय केलं, शुक्रवारी ती काय खोटं बोलली. संपल्यावर दुसऱ्या रांगेतले एक निवृत्त मास्तर उठले.

"पण बाई, तंबोरे खरंच सुरेख वाजत होते. मी चाळीस वर्षं गाणं ऐकतोय. तुम्ही स्वतःला उगाच दोष देताय."

तिला समजूत नको होती. तिने ऋजुताला दोन्ही तंबोरे पडद्यामागे न्यायला सांगितलं. "कुठला कुठला ते बघू नका. फक्त ऐका. प्रत्येकी आठ सेकंद."

एक वाजला, मग दुसरा.

"पहिला कुणाला आवडला?"

सात हात वर आले.

"दुसरा?"

ऋजुताने पडद्याच्या फटीतून मोजले. सत्तावन्न. मास्तरांचा हात होता. तौफिकचा होता. पहिल्या रांगेत बसलेल्या कालिंदीबाईंचाही हात वर होता. ऋजुताने दुसरा तंबोरा बाहेर आणला. तो उजवा होता, मशीनचा. बाईंनी आपल्या वर गेलेल्या हाताकडे पाहिलं आणि तो सावकाश मांडीवर ठेवला. मास्तर खाली बसले.

"माझाही हात त्यालाच वर गेला असता," नसीमा म्हणाली. "अजूनही जातो."

मग बाई मंचावर आल्या. त्यांनी फक्त डावा तंबोरा घेतला आणि तो छेडायला ऋजुताऐवजी नसीमाला बसवलं. एवढ्या लोकांसमोर त्यांच्या मागे बसताना नसीमाला मान वर करवेना. तिने नजर तारांवर ठेवली. या वेळी तंबोऱ्याला "वा" आली नाही. बाईंनी षड्ज लावला. आवाज पातळच होता, वर जाताना थरथरतही होता, पण तो शेवटच्या रांगेपर्यंत पोचला. दहाव्या मिनिटाला लोक पुढे झुकून बसले होते. तंबोरा कुठे आहे हे कुणाच्या लक्षातही नव्हतं. पस्तिसावं मिनिट आलं आणि गेलं.

चाळिसाव्या मिनिटाच्या सुमारास बाई मध्येच थांबल्या. टाळी पडायच्या बेतात होती, त्यांनी हाताने अडवली. डोळे मिटून त्या थोडा वेळ मागून येणारा स्वर ऐकत राहिल्या. मग मान न वळवता, हलक्या आवाजात म्हणाल्या, "जवारी अजून थोडी उघडी आहे. उद्या येऊन बस."

माइक चालू होता. सगळ्यांनी ऐकलं.

"हो बाई," नसीमा म्हणाली आणि तारा छेडत राहिली.